मॅकसाठी वेगळी प्रत काढू नका

वाचकाचे पत्र : मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत सॉफ्टवेअरचे काम पाहते. आम्ही कारखान्यांसाठी आणि शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे डेटा लॉगर बनवतो. लॉगरची फाईल वाचणारी सी भाषेतील लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड) आमच्या सरांनी अनेक वर्षे एकट्याने सांभाळली. गेल्या दिवाळीत ते निवृत्त झाले आणि ती माझ्याकडे आली. लॉगरमध्ये ३२ बिटांच्या एआरएम चिपवर लिनक्स आहे, ग्राहकांकडे विंडोज आहे आणि आता एका ग्राहकाने मॅकची मागणी केली आहे. मॅकवर लायब्ररी विनातक्रार कंपाइल होते, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलते, पण नोंदी निम्म्याच दिसतात, पहिल्या चॅनेलच्या नोंदीचे वर्ष नव्वद लाखांच्या घरात येते आणि तापमान ओळीगणिक १२० अंशांनी उडते. विंडोजवर माझ्या सहकाऱ्याने नव्याने लिहिलेले पाळीचा सारांश काढणारे फंक्शन कधी पहिल्या पाळीची फाईल अर्धवट वाचते, तर कधी रात्रपाळीची. शीतगृहाच्या एका ग्राहकाला लॉगरच्या पडद्यावर २५१ अंश दिसतात आणि पीसीवर उणे ५. नंदेसरीच्या एका ग्राहकाकडे फोल्डरचे नाव गुजरातीत असले की फाईल उघडतच नाही. नव्या उबुंटूवर तर लायब्ररी कंपाइलच होत नाही. कोडमध्ये पावलोपावली इफडेफ, म्हणजे ‘अमुक प्रणाली असेल तरच ही ओळ घ्या’ अशा अटी, आहेत. साहेब म्हणतात, मॅकसाठी वेगळी प्रत काढून मोकळे व्हा. मला वाटते, सगळेच नव्याने लिहावे. सरांना विचारायला संकोच वाटतो. फाईलच्या माथ्यावर त्यांच्या सहीनिशी असलेल्या बदलांच्या नोंदी काढून टाकाव्यात का, हाही एक प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून प्रथम समाधान वाटले, कारण दोष कोणत्या आकड्यांतून दिसतो हे आपण नेमकेपणाने लिहिले आहे. एरवी ‘मॅकवर चालत नाही’ एवढ्याच वाक्याचे पत्र येते आणि त्यावर सल्ला द्यायचा म्हणजे अंधारात दगड मारणे होते. आपल्या दोन्ही पर्यायांना माझे उत्तर नकाराचे आहे. वेगळी प्रत काढू नये आणि सगळे नव्यानेही लिहू नये. याचे कारण आपण दिलेल्या आकड्यांतच आहे, म्हणून आधी त्यांचा उलगडा करतो.

आपण पत्रासोबत पाठवलेल्या नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये (एका नोंदीचे आकडे एकत्र ठेवणाऱ्या मांडणीत) चार घटक आहेत : १९७० पासून मोजलेल्या सेकंदांसाठी लाँग, पूर्ण अंशांसाठी कॅर, दशांशासाठी कॅर आणि चॅनेल क्रमांकासाठी शॉर्ट. हे स्ट्रक्चर एफ-राइटने जसेच्या तसे फाईलमध्ये टाकले जाते आणि एफ-रीडने तसेच उचलले जाते. लॉगरमधील ३२ बिटांच्या लिनक्सवर लाँग चार बाइटांचा असतो, त्यामुळे एक नोंद आठ बाइटांची होते. विंडोजवर, अगदी ६४ बिटांच्या विंडोजवरही, मायक्रोसॉफ्टने लाँग चार बाइटांचाच ठेवला, त्यामुळे तेथेही नोंद आठच बाइटांची राहते. दोन्हीकडचे आकडे इतकी वर्षे जुळले ते या योगायोगाने. मॅकवर आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग आठ बाइटांचा आहे, पुढे चार बाइट इतर घटकांचे आणि शेवटी कंपायलरने भरलेले चार मोकळे बाइट, म्हणजे नोंद सोळा बाइटांची होते. साहजिकच तेथे दोन नोंदी मिळून एक वाचली जाते. नोंदी निम्म्या दिसतात त्या यामुळे.

उरलेल्या दोन लक्षणांचाही हिशेब यातच लागतो. पहिल्या नोंदीतील अंश, दशांश आणि चॅनेल हे चार बाइट आठ बाइटांच्या लाँगच्या वरच्या अर्ध्या भागात जाऊन बसतात. चॅनेल क्रमांक एक असला तरी त्या जागी त्याची किंमत दोनाचा अठ्ठेचाळिसावा घात इतक्या सेकंदांची होते, आणि तेवढे सेकंद म्हणजे सुमारे एकोणनव्वद लाख वर्षे. तापमान म्हणून जे छापले जाते तो खरे तर पुढच्या नोंदीतील सेकंदांचा सर्वांत खालचा बाइट आहे. आपण मिनिटाला एक नोंद घेता आणि मॅकवर एका ओळीत दोन नोंदी खपतात, म्हणून तो आकडा प्रत्येक ओळीला १२० ने वाढतो आणि १२७ ओलांडला की उणे होऊन परत येतो.

थोडक्यात, यात मॅकचा काडीचाही दोष नाही. हीच लायब्ररी आणि हीच फाईल ६४ बिटांच्या एखाद्या जुन्या लिनक्सवर, जेथे ती अजून कंपाइल होते, चालवून पाहा. तोच गोंधळ दिसेल, आणि साहेबांना दाखवायला तो पुरावा पुरेसा आहे. वेगळी प्रत काढली असती तर मॅकच्या प्रतीत लाँगच्या जागी इंट लिहून काम भागले असते आणि मूळ चूक बाकीच्या दोन प्रतींत दबा धरून बसली असती. एका घरात तीन चुली मांडल्या की मीठ कोणत्या भांड्यात पडले आणि कोणत्यात नाही याचा पत्ता लागत नाही. लायब्ररीच्या तीन प्रतींचे याहून वेगळे होत नाही. आज सापडलेली चूक एका प्रतीत दुरुस्त होते, दुसऱ्या प्रतीत ‘नंतर करू’ म्हणून राहते, आणि तिसरी प्रत सांभाळणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

दुरुस्ती करताना लाँगऐवजी स्टडइंट या हेडरमधील (सी भाषेच्या तयार घोषणांच्या फाईलमधील) नेमक्या रुंदीचा प्रकार लिहिला की आजची अडचण सुटेल, परंतु तेवढ्यावर थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रक्चर ही कंपायलरची खासगी मांडणी आहे. कोणत्या घटकानंतर किती मोकळी जागा सोडायची हे प्रत्येक प्रणालीचे संकेत ठरवतात. उदाहरणार्थ, ३२ बिटांच्या इंटेल लिनक्सवर स्ट्रक्चरमधील डबल चाराच्या पटीत बसतो, तर ३२ बिटांच्या विंडोजवर आठाच्या पटीत. पॅक करण्याच्या सूचना देऊन ही जागा दाबता येते, पण मग त्या घटकांचे पत्ते हवे तसे जुळत नाहीत आणि काही चिपवर त्याचा वेगळाच त्रास निघतो. त्यापेक्षा फाईलमधील आठ बाइट अनसाइन्ड (उणे आकडे नसलेल्या) कॅरच्या रांगेत वाचावेत आणि प्रत्येक आकडा हाताने जुळवावा : पहिला बाइट, त्यात आठ बिटांनी सरकवलेला दुसरा, सोळा बिटांनी सरकवलेला तिसरा, चोवीस बिटांनी सरकवलेला चौथा. सरकवण्यापूर्वी प्रत्येक बाइट ३२ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात बदलून घ्यायला विसरू नये, नाहीतर तो साइन्ड (उणे आकडेही धरणारा) इंट होतो आणि चोवीस बिटांनी सरकवताना अव्याख्यात वर्तनाच्या, म्हणजे निकाल काय येईल हे मानकाने ठरवून न दिलेल्या, खड्ड्यात पाय पडतो. असे लिहिलेले फंक्शन कोणत्याही चिपवर, बाइटांचा क्रम उलटा असलेल्या यंत्रावरसुद्धा, तेच उत्तर देते. अशी फंक्शने आपल्याला तीन किंवा चार लागतील. एका दुपारचे काम आहे.

येथेच फाईलच्या रचनेचाही विचार करून ठेवावा. चार बाइटांचा साइन्ड सेकंद-आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरतो. शीतगृहातील लॉगर दहा-बारा वर्षे सहज चालतो, त्यामुळे आज विकलेले यंत्र ती तारीख पाहणार हे धरून चालावे. तोच आकडा अनसाइन्ड मानला तर २१०६ पर्यंत मुदत मिळते आणि जुन्या फाईलींना धक्का लागत नाही. आपल्यासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. मात्र ३२ बिटांच्या लॉगरवर वेळेसाठीचा टाइम-टी हा प्रकारच चार बाइटांचा असू शकतो, त्याची तजवीज वेगळी करावी लागेल. ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीपासून कंपाइल करताना ६४ बिटांचा टाइम-टी मागता येतो. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत १.२.० पासून तो आपोआपच मिळतो.

आता विंडोजवर अर्धवट वाचल्या जाणाऱ्या फाईलींकडे वळू. सरांनी लिहिलेल्या जुन्या फंक्शनमध्ये फाईल ‘आरबी’ अशा मोडने उघडली आहे आणि नव्या फंक्शनमध्ये नुसती ‘आर’. लिनक्सवर आणि मॅकवर या दोन्हींत काहीही फरक नाही, म्हणून लिनक्सवर लिहिणाऱ्या सहकाऱ्याला तो जाणवला नसणार. विंडोजवर मात्र ‘आर’ म्हणजे मजकुराची फाईल. तीत १३ आणि १० असे लागोपाठ आलेले बाइट मिळून एक १० होतो, आणि २६ हा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, आला की फाईल संपली असे समजले जाते. आपल्या नोंदीत पूर्ण अंशांसाठी एक बाइट आहे. ज्या नियंत्रण कक्षाचा एसी २६ अंशांवर लावला आहे तेथील फाईल पहिल्याच नोंदीपाशी तुटेल. इतर ठिकाणी सेकंदांच्या आकड्यातील दुसरा बाइट दर अठरा तास बारा मिनिटांनी एकदा सुमारे सव्वाचार मिनिटे २६ असतो, त्या वेळेत चालू असलेल्या पाळीची फाईल तुटते, आणि ही वेळ रोज सरकत असल्यामुळे कधी पहिली पाळी सापडते तर कधी रात्रपाळी. सेन्सर, केबल, नेटवर्क यांपैकी कशालाही हात न लावता फक्त एक अक्षर वाढवून हा दोष जाईल.

शीतगृहातील २५१ हा उणे ५ चाच दुसरा चेहरा आहे. दोन्हींचे आठ बिट एकसारखे आहेत. सी भाषेच्या मानकाने साधा कॅर साइन्ड की अनसाइन्ड हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडले आहे. एआरएमवरील लिनक्समध्ये तो अनसाइन्ड असतो, इंटेल आणि एएमडीवर लिनक्स असो वा विंडोज, साइन्ड असतो, आणि ॲपलने आपल्या एआरएम चिपवरही साइन्डच ठेवला आहे, तेव्हा ‘एआरएम म्हणजे अनसाइन्ड’ असा नियमही बांधता येत नाही. कंपायलरला सूचना देऊन हे बदलता येते, तरी ती पळवाट वापरू नये, कारण आपले हेडर ग्राहकही आपापल्या कंपायलरने वापरतात आणि त्यांच्याकडे ती सूचना नसते. तापमानासाठी स्पष्टपणे साइन्ड कॅर किंवा आठ बिटांचा साइन्ड प्रकार लिहावा. ग्राहकाने या २५१ पायी सेन्सर बदलून मागितला असेल तर जुना सेन्सर परत मागवून घ्या, तो बहुधा धडधाकट असेल.

गुजराती फोल्डरचे प्रकरण थोडे खोल आहे. लिनक्स आणि मॅक यांवर फाईलचे नाव म्हणजे यूटीएफ-८ (सर्व लिप्यांसाठीची अक्षरपद्धती) बाइटांची माळ, ती फाईल उघडणाऱ्या एफ-ओपन फंक्शनला दिली की काम झाले. विंडोजवर साधा एफ-ओपन ते बाइट त्या संगणकाच्या कोड पेजनुसार, म्हणजे कोणता बाइट कोणते अक्षर या तक्त्यानुसार, वाचतो आणि आपल्याकडील नेहमीच्या कोड पेजमध्ये गुजराती किंवा देवनागरी अक्षरे नसतातच. यावर माझा उपाय असा की लायब्ररीच्या सर्व सार्वजनिक फंक्शनांनी फाईलचे नाव यूटीएफ-८ मध्येच घ्यावे, हे हेडरमध्ये ठळकपणे लिहावे, आणि विंडोजच्या बाजूला मल्टिबाइट-टू-वाइडचार या फंक्शनने ते रुंद अक्षरांत बदलून मायक्रोसॉफ्टच्या रुंद अक्षरांच्या एफ-ओपनने फाईल उघडावी. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) यूटीएफ-८ हे कोड पेज मागता येते, परंतु तो निर्णय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आहे; लायब्ररीने त्यावर विसंबून राहू नये. जाता जाता सेटिंगची फाईल वाचणारा भागही पाहावा. त्यात इझ-स्पेस (मोकळी जागा ओळखणारे) किंवा टू-अपर (मोठे अक्षर करणारे) या फंक्शनांना साधा कॅर दिला जात असेल, तर गुजराती अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असल्याने साइन्ड कॅरमध्ये तो उणे होतो आणि असा उणे आकडा त्या फंक्शनांना देणे मानकानुसार अव्याख्यात आहे. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये बदलून मग द्यावा.

उबुंटूवरील कंपाइलची अडचण मला सर्वांत बोलकी वाटते, कारण तीत इफडेफ कसे लिहू नयेत हे दिसते. सरांनी ‘लिनक्स असेल तर’ या अटीखाली मजकुराची नक्कल करणारे स्वतःचे स्ट्रएलकॉपी फंक्शन स्टॅटिक (त्याच फाईलपुरते) म्हणून लिहिले आहे. त्यांनी लिहिले तेव्हा ते बरोबर होते : ओपनबीएसडी या युनिक्सजातीय प्रणालीमधून आलेले हे फंक्शन मॅकवर होते आणि ग्लिबसीमध्ये नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लिबसीच्या २.३८ या आवृत्तीत ते आले, उबुंटू २४.०४ मध्ये त्यापुढची २.३९ आहे, आणि एकाच नावाच्या दोन घोषणा समोरासमोर आल्यामुळे कंपायलर अडून बसतो. लिनक्स म्हणजे ग्लिबसीच असेही नाही. अल्पाइन या लिनक्स वितरणावर मसल आहे आणि त्यात हे फंक्शन आधीपासून आहे. चूक सरांच्या फंक्शनमध्ये नाही, अटीच्या प्रश्नात आहे. प्रणालीचे नाव विचारण्याऐवजी ‘हे फंक्शन येथे आहे का’ असे विचारले असते तर तीच अट आजही योग्य उत्तर देत राहिली असती. ऑटोकॉन्फ हे बांधणीपूर्वी तपासणी करणारे साधन १९९१ पासून हेच काम करते, आणि सीमेक या बांधणीच्या साधनामध्ये चेक-सिम्बॉल-एक्झिस्ट्स हे त्यासाठीच आहे. आपण लॉगरसाठी दुसऱ्या यंत्रावर क्रॉस-कंपाइल करत असणार, तेव्हा एक पथ्य पाळावे : तपासणी कंपाइल आणि लिंक करून उत्तर देणारी असावी, प्रोग्रॅम चालवून उत्तर शोधणारी नको, कारण एआरएमचा प्रोग्रॅम आपल्या डेस्कटॉपवर आपोआप चालणार नाही.

अर्थात, फंक्शन आहे एवढे कळून नेहमी भागत नाही. त्रुटीचा संदेश देणारे स्ट्रएरर-आर हे ग्लिबसीमध्ये आहे आणि मॅकवरही आहे, पण ग्लिबसीचे नेहमीचे रूप मजकुराचा पत्ता परत देते आणि पोझिक्स या युनिक्सजातीय प्रणालींच्या मानकाचे रूप पूर्णांक देते. स्थानिक वेळ देणाऱ्या लोकलटाइमच्या सुरक्षित रूपात पोझिक्स आणि मायक्रोसॉफ्ट यांनी नाव तर वेगळे ठेवलेच, वर आर्ग्युमेंटचा क्रमही उलटा केला आहे. फाईलचे नाव बदलणाऱ्या रिनेमचे वागणे तर याहून फसवे : पोझिक्सवर त्या नावाची फाईल आधीपासून असली तर ती निमूटपणे बदलली जाते, विंडोजवर तोच रिनेम अपयशी ठरतो. ‘आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहा, मग रिनेम करा’ ही चांगली सवय विंडोजवर दुसऱ्याच दिवशी मोडते ती यामुळे.

असे फरक कोडभर विखुरलेले नसावेत, त्यांना एका कुंपणाआड ठेवावे. आपल्या लायब्ररीला ऑपरेटिंग सिस्टीमकडून खरोखर काय हवे याची यादी केली तर ती फार छोटी निघेल : फाईल उघडणे, नाव बदलणे, फोल्डरमधील फाईलींची यादी, स्थानिक वेळ, आणि थ्रेड वापरत असाल तर एखादे कुलूप. एवढ्यासाठी आपल्या नावाची आठ-दहा फंक्शने एका अंतर्गत हेडरमध्ये जाहीर करावीत आणि त्यांच्या अंमलबजावणीच्या दोनच फाईली ठेवाव्यात, एक पोझिक्सची आणि एक विंडोजची. तीन नव्हेत, मॅक आणि लिनक्स पोझिक्सच्या फाईलमध्ये जवळजवळ सगळे वाटून घेतात. कोणती फाईल कंपाइल करायची हे सीमेक ठरवील आणि मुख्य कोडमधील इफडेफ गळून पडतील. ही रचना माझी कल्पना नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलणारा थर असाच वेगळा आहे, युनिक्ससाठी एक फाईल आणि विंडोजसाठी एक. ओपनएसएसएच या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रॅमची मंडळी मूळ कोड ओपनबीएसडीसाठी स्वच्छ लिहितात आणि इतर प्रणालींसाठी निघणाऱ्या आवृत्तीच्या क्रमांकापुढे ‘पी’ लावतात. इतरत्र नसलेली फंक्शने त्या आवृत्तीत एका स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात. साहेब कदाचित म्हणतील की ही वेगळी प्रतच झाली. तसे नाही. तेथे मूळ कोड एकच आहे, त्यातील प्रत्येक दुरुस्ती वरून खाली वाहते, आणि ते जुळवून घ्यायला माणसे नेमलेली आहेत. आपल्याकडे आपण आणि एक सहकारी.

नव्याने लिहिण्याचा मोह मी समजू शकतो, पण त्याला बळी पडू नये. सरांच्या कोडमधील ज्या ओळी आपल्याला विचित्र वाटतात त्यांतील बऱ्याच ओळींमागे कोणत्या तरी ग्राहकाची तक्रार असणार. नवा कोड त्या तक्रारी विसरून जन्माला येतो आणि मग त्या एकेक करून परत येतात. म्हणून संकोच सोडून सरांना भेटावे. मात्र ‘कोड समजावून सांगा’ अशी मोघम विनंती करू नये. सर्व इफडेफची यादी छापून न्यावी आणि प्रत्येकासमोर ‘हे कोणासाठी, कधी’ एवढेच विचारावे. निवृत्त माणसाला आपल्या कामाविषयी नेमके प्रश्न विचारलेले आवडतात असा माझा अनुभव आहे. काहींसमोर ते ‘आता नको’ म्हणतील, ते इफडेफ त्याच आठवड्यात काढून टाकावेत. बाकीचे कुंपणाआड न्यायचे ते एका वेळी एक, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी घेऊन.

चाचणीविषयी मी आग्रही आहे. जी प्रणाली रोज तपासली जात नाही तिच्यावर लायब्ररी चालते असे लिहून देऊ नये. लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर प्रत्येक बदलासरशी बांधणी आणि चाचणी आपोआप व्हावी. गिटहब ॲक्शन्ससारख्या सेवा तिन्ही प्रकारची यंत्रे पुरवतात, त्यासाठी मॅक विकत घेण्याची गरज नाही, तरी ग्राहकाला देण्यापूर्वी खऱ्या मॅकवर एकदा चालवून पाहिलेले बरे. लॉगरचा कोड क्यूएमू या दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमखाली तपासता येतो. लिनक्सवरील एक बांधणी ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर (मेमरीच्या आणि अव्याख्यात वर्तनाच्या चुका पकडणारे साधन) लावून ठेवावी. वर सांगितलेल्या अव्याख्यात वर्तनांपैकी सरकवण्याची चूक हे साधन चालता चालता पकडते. आणि कोडइतक्याच जपून ठेवाव्यात नमुन्याच्या फाईली : २६ अंशांची, १३ आणि १० लागोपाठ येणारी, उणे ५ अंशांची, २०३८ नंतरच्या तारखेची, गुजराती नावाच्या फोल्डरमधील. आपल्या पत्रातील प्रत्येक तक्रारीची एक फाईल झाली पाहिजे. कलाभवनातील (बडोदा विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतील) शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी कंपन्या शोधत असतात. हे काम त्यांच्या हाती देण्याजोगे आहे आणि त्यातून ते अभ्यासक्रमातील सीपेक्षा बरेच जास्त शिकतील.

साहेबांकडून मात्र एक गोष्ट लेखी घ्यावी, ती म्हणजे आपण कोणत्या प्रणालींना पाठिंबा देतो याची यादी. विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि एक्सपीचा त्याच्याही आधी, ८ एप्रिल २०१४ रोजी; तरी कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत दोन्ही आजही दिसतात. त्या ग्राहकांना शेवटची चालणारी आवृत्ती गोठवून द्यावी आणि नव्या कोडमधून त्यांचे लोढणे काढावे. हे ठरवणे धंद्याचे काम आहे, ते इफडेफ लिहून आपण एकटीने अंगावर घेऊ नये.

दोन किरकोळ बाबी. लायब्ररी विंडोजवर डीएलएल (प्रोग्रॅमला बाहेरून जोडायची फाईल) म्हणून देत असाल आणि तिने मॅलॉक केलेली (मागून घेतलेली) मेमरी ग्राहकाचा प्रोग्रॅम फ्री (मोकळी) करत असेल, तर दोघांचे सी रनटाइम वेगळे असल्यास प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून मेमरी मोकळी करणारे फंक्शन लायब्ररीनेच द्यावे. आणि लिनक्ससाठीची तयार बायनरी पाठिंब्याच्या यादीतील सर्वांत जुन्या वितरणावर बांधावी, कारण जुन्या ग्लिबसीवर बांधलेली बायनरी नव्यावर चालते, उलटे मात्र होत नाही.

शेवटी फाईलींच्या माथ्यावरील नोंदींचा प्रश्न. कोड गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) आल्यानंतरचा इतिहास गिटच सांगते, तेव्हा त्या काळातील नोंदी काढायला हरकत नाही. परंतु गिटपूर्वीचा इतिहास फक्त त्या ओळींतच आहे. त्या सर्व फाईलींमधून गोळा करून तारखेच्या क्रमाने एका मजकुराच्या फाईलमध्ये ठेवाव्यात, सरांकडे जाताना तीही फाईल सोबत न्यावी, आणि प्रत्येक सोर्स फाईलच्या माथ्यावर मूळ लेखक म्हणून त्यांच्या नावाची ओळ राहू द्यावी.